दिवसाचा नेम आणि शेजाऱ्याची हाक

"वेळ पुरत नाही," ही तक्रार शहरात तर आहेच, परंतु आता ती खेड्यातही ऐकू येते. कारंजा लाडच्या बाजारात कापूस घेऊन आलेला शेतकरी, शाळेचा मास्तर, घरची सून आणि मंडळीचा पाळक हे सर्व एकच रडगाणे गातात. त्यावर उपाय म्हणून कोणी वहीत कामे लिहून ठेवितो, तर कोणी मोबाइलमध्ये घंटा लावितो. ख्रिस्ती मनुष्याने असा दिवसाचा नेम बांधावा काय? हा प्रश्न वरवर लहान दिसतो. तथापि त्याच्या मुळाशी एक मोठा प्रश्न आहे, तो हा की, माझा दिवस कोणाचा आहे?

काही भाविक बंधू म्हणतात, "उद्याची चिंता करू नये असे प्रभूने शिकविले आहे, मग कामांची यादी कशाला?" परंतु चिंता निराळी आणि तयारी निराळी. आपल्या काळ्या जमिनीचेच पाहा. पाऊस पडून गेल्यावर चिखल असता पेरणी करिता येत नाही, आणि ओल उडून गेल्यावर केलेली पेरणी वाया जाते. मधल्या थोड्या दिवसांत वाफसा येतो. तो वाफसा देव देतो. कोणाच्याही वहीत लिहून तो येत नाही. परंतु ज्याने तिफण दुरुस्त केली नाही व बियाणे आणून ठेविले नाही, त्याच्या शेतात वाफसा येतो आणि निघून जातो. नेम म्हणजे तिफण तयार ठेवणे होय. त्यात अविश्वास नाही. उलट देव वेळ देईल असा विश्वास आहे, म्हणूनच तयारी आहे.

शिवाय नेम नसल्याची शिक्षा बहुधा आपणांस होत नाही, ती दुसऱ्यास होते. उपासनेस पाळक एक तास उशिरा आला आणि चाळीस माणसे बसून राहिली, तर चाळीस तास गेले. हे मी स्वतःला वगळून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी कापूस वेचणीच्या दिवसांत एका आजारी म्हाताऱ्या बहिणीने मुलाच्या हाती निरोप पाठविला की, येऊन प्रार्थना करावी. "उद्या येतो," असे मी सांगितले, आणि ते कोठेही लिहून ठेविले नाही. दुसरा दिवस गेला, तिसराही गेला. पाचव्या दिवशी आठवण होऊन मी धावत गेलो, तो अंगणात खाट रिकामी होती. तिची सून मजवर रागावली नाही. ती इतकेच म्हणाली, "पाळकसाहेब, आत्याबाई रोज सांजच्याले तुमची वाट पाहे." माझ्या विसराळूपणास मी आजवर साधा दोष म्हणत आलो होतो, त्या दिवसापासून मी त्यास पाप म्हणू लागलो. दिलेला शब्द लिहून न ठेवणे म्हणजे तो अर्धा मोडणेच होय.

नेमाने काय होते हे विल्यम केरी यांच्या चरित्रात दिसते. श्रीरामपूर येथे राहून त्यांनी 1805 साली मराठीचे व्याकरण, 1810 साली कोश आणि 1811 साली मराठी नवा करार छापून काढिला. मार्च 1812 मध्ये छापखान्यास आग लागून अनेक हस्तलिखिते भस्म झाली. तरी त्यांनी पुनः रोजच्या कामास आरंभ केला. आपली बुद्धी मोठी आहे असे त्यांनी कधी म्हटले नाही. हाती घेतलेले काम रोज थोडे थोडे पुढे रेटणे एवढेच आपणांस येते, असे ते मानीत.

परंतु नाण्यास दुसरी बाजू आहे. नेम चांगला चाकर आहे, पण वाईट धनी आहे. यरीहोच्या वाटेवर पडलेल्या जखमी मनुष्याजवळून याजक व लेवी निघून गेले. ते का गेले हे शास्त्र सांगत नाही. कदाचित त्यांची वेळ ठरलेली असेल. शोमरोनी मात्र थांबला. येथे एक गोष्ट आपण नेहमी विसरतो. शोमरोन्यासही प्रवास होता, काम होते. त्याने जखमा बांधिल्या, त्या मनुष्यास उतारशाळेत नेले, रात्रभर त्याचा सांभाळ केला. आणि दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या रक्षकास पैसे देऊन, परत येण्याचा शब्द देऊन, तो आपल्या वाटेने गेला. त्याने हाक ऐकिली आणि कामही सोडिले नाही. प्रभूही याईराच्या घरी जात असता वाटेत एका पीडित स्त्रीसाठी थांबला, आणि तरीही त्या घरी पोहोचला.

मूर्तिजापूर ते यवतमाळ जाणारी शकुंतला गाडी आपल्या कारंज्यावरून जात असे. ती आता बंद आहे, परंतु वृद्धांस तिची आठवण आहे. तिचे वेळापत्रक होते ते कशासाठी? कापूस व माणसे ठिकाणी पोहोचावी म्हणून. माणसे फलाटावर ठेवून गाडी वेळेवर सुटली, तर त्या वेळेचा उपयोग काय? आपल्या वहीचेही तसेच आहे.

म्हणून माझी साधी सूचना अशी. रात्री निजण्यापूर्वी प्रार्थना करून उद्याची कामे लिहावी; तीनचार पुरेत. त्यांत कोणास दिलेला शब्द सर्वांत वर लिहावा. दिवसाचा एखादा तास मुद्दाम मोकळा ठेवावा, म्हणजे दारावर हाक आली असता ती चोरासारखी वाटणार नाही. जे दुसरा करू शकतो ते दुसऱ्यास द्यावे. इथ्रोने मोशेला हाच सल्ला दिला, आणि एवढ्या मोठ्या सेवकाने तो ऐकिला. विसाव्याच्या दिवशी वही बंद ठेवावी. ज्या बहिणीस लिहिता येत नाही तिने पदरास गाठ मारावी. देवापुढे ती गाठही वहीच आहे.

मग रात्री किती कामे झाली हे मोजण्याआधी, आज माझी वाट पाहत कोण बसून राहिले, असे स्वतःस विचारावे. त्याचे नाव उद्याच्या पानावर पहिले असो, आणि सकाळी आपले पाऊल प्रथम त्याच्याच दाराकडे वळो.