चालेल कोण, हे ठरवतं कोण?

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत उस्मानाबाद मतदारसंघासाठी महायुतीने मांडलेला हिशेब कागदावर बिनचूक होता. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं तरी लोकसभेच्या नोंदीत मतदारसंघाचं नाव जुनंच आहे. त्यात सहा विधानसभा क्षेत्रं येतात: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परंडा, लातूर जिल्ह्यातलं औसा आणि सोलापूर जिल्ह्यातलं बार्शी. या सहांपैकी पाच आमदार महायुतीच्या बाजूचे होते. जागा राष्ट्रवादीच्या अजित पवार गटाला सुटली. उमेदवार मात्र भाजपच्या घरातून आला. तुळजापूरचे भाजप आमदार राणाजगजितसिंह पाटील यांच्या पत्नी अर्चना पाटील यांनी राष्ट्रवादीत प्रवेश केला आणि त्या घड्याळावर उभ्या राहिल्या. समोर उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेचे ओमराजे निंबाळकर, म्हणजे त्याच भावकीतले. जात दोघांची एकच. आमदार, संस्था, साधनं, घराण्याचं नाव, सगळ्या रकान्यांची बेरीज महायुतीकडे झुकत होती. प्रत्यक्षात ओमराजे ३ लाख २९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले.

गावच्या सोसायटीच्या सचिवाचा हिशेब इतक्या फरकाने चुकला असता तर सर्वसाधारण सभेत त्याला उभं केलं असतं. उमेदवार ठरवण्याच्या या पद्धतीला मात्र कुणी जाब विचारला नाही. पराभवाची कारणं शोधली गेली: मराठा आरक्षणाचं आंदोलन, पक्षफुटीचा राग, सोयाबीनचा भाव, ओमराजेंचं प्रत्येकाचा फोन उचलणं. ही कारणं खरीही असतील. पण ‘अमुक उमेदवार निवडून येईल आणि तमुक येणार नाही’ हे आपल्याला आधीच कळतं, या पक्षांच्या समजुतीला त्यामुळे धक्का लागला नाही. पुढच्या खेपेला त्याच खोल्यांत, त्याच माणसांसमोर, तेच रकाने पुन्हा मांडले जातील.

या समजुतीला राजकारणात ‘इलेक्टिव्ह मेरिट’ म्हणतात. निवडणूक जवळ आली की पक्षाचे निरीक्षक जिल्ह्याच्या ठिकाणी येतात, विश्रामगृहावर नाहीतर पक्ष कार्यालयात इच्छुकांच्या मुलाखती होतात. इच्छुक आपल्या कामाच्या फायली आणतात. फायलींपेक्षा जास्त वेळ एका प्रश्नावर जातो: मतदारसंघात तुमचा समाज किती? धनगर, माळी, वंजारी, लिंगायत, मुस्लिम, बौद्ध, मातंग यांपैकी कुणी खुल्या जागेवर अर्ज केला असेल तर निकाल बहुतेक वेळा एकाच वाक्यात लागतो. माणूस चांगला आहे, पण आपल्याकडे चालणार नाही. हे म्हणणारा स्वतःला जातीयवादी समजत नाही. त्याचं म्हणणं असतं, माझी काही हरकत नाही हो, लोकांचं सांगतो. लोक म्हणजे कोण, त्यांना कधी विचारलं, हे तो सांगत नाही. दुसऱ्याच्या मनातल्या पूर्वग्रहाचा अंदाज बांधायचा आणि त्या अंदाजाने आपलं दार बंद करायचं, हे इलेक्टिव्ह मेरिटचं खरं काम. यात पूर्वग्रह कुणाच्याच नावावर नोंदला जात नाही. तिकीट मात्र नाकारलं जातं.

अमेरिकेतही हाच अंदाज चालतो. तिथे जातीच्या जागी वंश आहे, आणि पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार राज्याराज्यांत होणाऱ्या प्राथमिक निवडणुकांतून ठरतो. २००७च्या शेवटापर्यंत अनेक कृष्णवर्णीय मतदार आणि नेते बराक ओबामांऐवजी हिलरी क्लिंटन यांच्या बाजूला होते. नागरी हक्क चळवळीतले जॉन लुईसही त्यांत होते. गोरे लोक काळ्या माणसाला मत देणार नाहीत, मग आपलं मत वाया का घालवायचं, हा त्यातला व्यवहारी विचार. ३ जानेवारी २००८ला आयोवा राज्यात पहिली फेरी झाली. तिथली वस्ती नव्वद टक्क्यांहून अधिक गोरी, आणि ओबामा पहिले आले. त्या एका रात्रीत अंदाज खोटा ठरला. तीन आठवड्यांनी साउथ कॅरोलायनात कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने ओबामांकडे वळले, पुढे लुईस यांनीही बाजू बदलली. मतदारांची मनं एका रात्रीत पालटली नव्हती. एकमेकांविषयीची त्यांची भीती तेवढी तपासून झाली होती.

पण या पद्धतीचं फार कौतुक करायला नको. २०२०च्या स्पर्धेत डेमोक्रॅटिक पक्षाकडे कमला हॅरिस, कोरी बुकर, हुलियन कास्त्रो असे उमेदवार होते. तिघेही पहिलं मत पडण्याआधी बाहेर गेले. पैसा आटला, चाचण्यांतले आकडे खाली राहिले, आणि ट्रम्पला हरवू शकेल तो कोण या प्रश्नाचं उत्तर देणगीदारांनी व मतदारांनी आधीच ठरवून टाकलं होतं. जानेवारी २०२०च्या चर्चेच्या मंचावर उरलेले सहाही जण गोरे होते. आयोवात चौथे आलेले जो बायडन यांना तारलं ते साउथ कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय मतदारांनी, आणि त्यामागेही गोरे मतदार कुणाला स्वीकारतील याचाच अंदाज होता. म्हणजे प्राथमिक निवडणूक असली की अंदाज संपतो असं नाही. तो खोटा ठरवण्याची एक जागा तेवढी मिळते.

अशी जागा आपल्याकडे कधीच नव्हती असं वाटत असेल तर पुणे करार पुन्हा वाचावा. २४ सप्टेंबर १९३२च्या त्या करारात राखीव जागा आल्या हे सर्वांना ठाऊक असतं. त्या जागांसाठी प्राथमिक निवडणूकही होती, हे फारसं कुणाच्या लक्षात नसतं. मतदारयादीतल्या अस्पृश्य मतदारांनी प्रत्येक राखीव जागेसाठी आधी चार जण निवडायचे आणि मग त्या चारांतून सर्व मतदारांनी एक, अशी ती योजना. स्वतंत्र मतदारसंघ सोडण्याच्या बदल्यात मिळालेली ती तडजोड होती, आणि दहा वर्षांनी प्राथमिक फेरी बंद व्हायची होती. बाबासाहेबांची तक्रार दुसऱ्या टप्प्याबद्दल होती. ज्या माणसाला त्याच्या समाजाने पहिला निवडला तो सर्वांच्या मतदानात पडायचा, आणि बहुसंख्याकांना सोयीचा वाटेल तो निवडून यायचा. धाराशिव तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. त्यामुळे ब्रिटिश प्रांतांत झालेल्या त्या निवडणुका या जिल्ह्याने पाहिल्याच नाहीत. स्वातंत्र्यानंतर राखीव जागा राहिल्या, प्राथमिक फेरी गेली, आणि तिचं काम पक्षश्रेष्ठींनी आपल्या हातात घेतलं.

नंतर एकदा प्रयत्न झाला, तो अगदी आपल्या शेजारी. २०१४ला राहुल गांधींच्या आग्रहाने काँग्रेसने देशातल्या मोजक्या मतदारसंघांत उमेदवार पक्षांतर्गत मतदानाने निवडले. महाराष्ट्रात लातूर आणि वर्धा त्यांत होते. लातूर राखीव. तिथे दत्तात्रय बनसोडे यांनी ही फेरी जिंकली आणि लोकसभेला ते भाजपच्या सुनील गायकवाडांकडून अडीच लाखांहून अधिक मतांनी हरले. वर्ध्यात दत्ता मेघे यांचे पुत्र सागर मेघे यांनी चारुलता टोकस यांना मागे टाकलं आणि तेही पुढे भाजपच्या रामदास तडसांकडून हरले. ती मोदी लाट होती, तिच्यात कुणीही वाहून गेला असता, हे मान्य. पण प्रयोगाचा दोष लाटेच्या आधीचा आहे. मत कुणाला होतं? पक्षाच्या पदाधिकाऱ्यांना. म्हणजे ज्यांचे अंदाज तपासायचे, तेच परीक्षक. अशा यादीत नेत्याचा मुलगा पुढे जातो यात नवल नाही. प्रयोग फसला म्हणून मोडीत निघाला. सामान्य मतदाराला त्यात आणलंच नव्हतं, हे कुणी बोललं नाही.

आता उस्मानाबादकडे परत येऊ. हा मतदारसंघ १९७७पासून २००४पर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. अरविंद कांबळे, शिवाजी कांबळे, कल्पना नरहिरे ही खासदारांची नावं त्या काळातली. २००८च्या पुनर्रचनेने लातूर राखीव झालं आणि उस्मानाबाद खुलं. त्याच फेरबदलात उमरगा विधानसभा राखीव झाली, आणि तिथून आमदार राहिलेले बसवराज पाटील औशाला जाऊन दोनदा निवडून आले. प्रस्थापितासाठी पक्ष दुसरा मतदारसंघ शोधतो, हे यातून कळतं. राखीव जागेवरच्या माणसासाठी असा शोध झाल्याचं मला आठवत नाही. उस्मानाबाद खुलं झाल्यापासून लोकसभेच्या चार निवडणुका झाल्या. पहिल्या दोन क्रमांकांवर पद्मसिंह पाटील, रवींद्र गायकवाड, ओमराजे निंबाळकर, राणाजगजितसिंह पाटील, अर्चना पाटील हीच पाच नावं आलटून पालटून दिसतात. पाचही मराठा. त्यांतली चार एकाच भावकीची.

याच जिल्ह्याने नऊ निवडणुकांत दलित खासदार पाठवला, मग इथे दलित चालत नाही हे कशावरून, असं विचारायचा मोह होतो. तो युक्तिवाद पोकळ आहे. राखीव जागेवर सगळेच उमेदवार त्या जातींचे, त्यामुळे मतदाराच्या मनाची परीक्षा होतच नाही. २०२४ला दोन मराठा उमेदवारांत मोकळी निवड झाली, पण जात एकच असल्याने तिथेही ही परीक्षा झाली नाही. अंदाज खरा की खोटा, हे खुल्या जागेवर वेगवेगळ्या जातींचे तगडे उमेदवार समोरासमोर आले तरच कळेल.

तशी परीक्षा महाराष्ट्राने एकदा दिली आहे. १९९८ला शरद पवार काँग्रेसमध्ये असताना रिपब्लिकन नेत्यांशी युती झाली आणि त्यांना चार खुल्या जागा मिळाल्या. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे, मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले. चौघेही निवडून आले, आणि काँग्रेसच्या स्वतःच्याही ३३ जागा आल्या. त्याच वर्षी शेजारच्या सोलापुरातून, जे तेव्हा खुलं होतं, सुशीलकुमार शिंदे लोकसभेवर गेले. आपल्याकडच्या ‘चालणार नाही’ला यापेक्षा सणसणीत उत्तर मला माहीत नाही. यात एक अट मात्र दिसते. मोठ्या पक्षाने आपली मतं मनापासून त्या उमेदवाराच्या मागे उभी केली होती. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली, आणि तो प्रयोग त्या आकारात पुन्हा झाला नाही.

२०१९ला वंचित बहुजन आघाडीने ३७ उमेदवारांची यादी जाहीर केली आणि प्रत्येक नावापुढे जात छापली. त्यावर सभ्य समाजातून नाराजीचा सूर निघाला. मला त्या यादीत प्रामाणिकपणा दिसतो. बाकीचे पक्ष जातीचा रकाना आतल्या वहीत ठेवतात, वंचितने तो बाहेर दाखवला. उस्मानाबादेत त्यांचे अर्जुन सलगर, धनगर समाजाचे, मोठी यंत्रणा नसताना ९८ हजारांच्या घरात मतं घेऊन गेले. त्या मतांचं वर्णन पुढे ‘मतविभाजन’ असं झालं. तगडा पक्ष तिकीट देत नाही, आणि दुसरीकडून उभं राहिलं की मतं खाल्ली म्हणतो. मग त्या उमेदवाराने जायचं कुठे?

राखीव जागांतही हाच चाळणीचा खेळ आहे, फक्त जाळी अधिक बारीक. बौद्ध नको, आक्रमक नको, इतरांना रुचेल असा हवा. लातूरला २०२४मध्ये काँग्रेसने नेत्रतज्ज्ञ डॉ. शिवाजी काळगे यांना उभं केलं. ते माला जंगम समाजाचे. ही जात अनुसूचित जातींच्या यादीत आहे आणि लिंगायत परंपरेशीही जोडलेली आहे. काळगे जिंकले, आणि त्यांच्या पात्रतेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण पक्षाच्या हिशेबात दुसरा रकाना पहिल्याइतकाच वजनदार नसेल, असं मानणं भाबडेपणाचं होईल. मुस्लिमांना तर चाळणीपर्यंतही पोचता येत नाही. त्याच निवडणुकीत महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ जागांवर एकही मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसचे नसीम खान यांनी प्रचार करायला नकार दिला, तेवढ्यापुरती बातमी झाली.

पक्षांतर्गत मतदान आणलं की हे सुटेल असं मी म्हणत नाही. वर्ध्याने ते दाखवलं, आणि आपल्याकडे सभासद-नोंदणीची पुस्तकं कुणाच्या गाडीत फिरतात हे सगळ्यांना माहीत आहे. माझी मागणी लहान आहे. पुढच्या लोकसभेला कुठल्याही मोठ्या पक्षाने उस्मानाबादेत बिगरमराठा उमेदवार द्यावा. तोंडदेखला नव्हे, १९९८सारखा, सगळी ताकद मागे लावून. घराण्यांवर जागा उधळताना पक्ष कधी कचरले नाहीत. एक जागा ही शहानिशा करण्यासाठी खर्च झाली तर फार बिघडणार नाही.

तोवर वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे. निरीक्षक येण्याआधी पक्षाचा कार्यकर्ता गावात येऊन, चहा घेत, ‘इथं कोण चालेल?’ असं विचारून जातो, आणि आपण सगळे शेजाऱ्याच्या वतीने उत्तर देतो. पुढच्या वेळी शेजाऱ्याचं सोडा. तुम्ही स्वतः कुणाला मत द्याल, तेवढं सांगा.