कोठडीतील मनुष्य व आपला विवेक

काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळीची दानपेटी फुटली. संशय आवाराची झाडलोट करणाऱ्या तरुणावर गेला, कारण किल्ल्या त्याच्याजवळ असत. फौजदारसाहेब आले तेव्हा आम्हा पंचांपैकी एकाने म्हटले, “जरा दम द्या, म्हणजे बोलेल.” आम्ही कोणीच त्याला अडवले नाही. दुसऱ्या दिवशी तो तरुण सुजलेल्या तळपायांनी लंगडत परतला. पेटी कोणी फोडली हे आजतागायत समजलेले नाही. आमच्या त्या गप्प बसण्याचा हिशेब आम्ही अजून देत आहो.

पुष्कळ सज्जनांना वाटते की संशयिताचे हक्क म्हणजे चोरांचे लाड. प्रश्न सोपा नाही. ज्याच्या घरी चोरी होते त्याचे दुःखही खरे असते. तरी आपला कायदा काय म्हणतो ते आधी पाहू.

राज्यघटनेच्या २० व्या अनुच्छेदाप्रमाणे आरोपीवर स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्याला अटकेची कारणे सांगितली पाहिजेत, पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेऊ दिला पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे. गप्प राहण्याचे संरक्षण पोलिसांच्या चौकशीतही आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली नंदिनी सत्पथी खटल्यात सांगितले. अटकेची खबर नातलगास द्यावी व कोठडीत दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी व्हावी, असे १९९६ च्या डी. के. बसू निकालाने ठरविले.

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्यात होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही तो आहे. हा नियम भाबडेपणातून आलेला नाही. १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाची सरकारी चौकशी झाली होती, आणि त्यातून जे बाहेर आले ते भयंकर होते. १८७२ च्या कायद्याचे कर्ते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी पुढे लिहून ठेवले की, एका अनुभवी अधिकाऱ्याने त्यांना छळाचे कारण आळस असे सांगितले. उन्हात हिंडून पुरावा शोधण्यापेक्षा सावलीत बसून कैद्याच्या डोळ्यांत तिखट चोळणे सोपे! माराने चोर सापडतो असे नाही. ज्याला मार सोसवत नाही तो सापडतो. खरा चोर मात्र मोकळाच राहतो, आणि ज्याची चोरी झाली त्यालाही न्याय मिळत नाही.

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २२ आपण किती वेळा वाचला असेल! फटके मारून पौलाची चौकशी करावी असा हुकूम झाला होता. वाद्यांनी बांधले जात असताना त्याने आपले रोमी नागरिकत्व पुढे केले आणि फटके थांबले. हक्क सांगणे त्याला कमीपणाचे वाटले नाही. प्रमुख याजकापुढे चपराक बसली तेव्हा प्रभूनेही मारणाऱ्याला मारण्याचे कारण विचारले. पण एक गोष्ट आमच्या लक्षात उशिरा आली. पौल वाचला तो नागरिक होता म्हणून. जो नागरिक नव्हता, त्याची पाठ त्या कायद्याने झाकली नाही. आपल्या घटनेच्या या अनुच्छेदांत मात्र ‘नागरिक’ हा शब्द नाही, ‘व्यक्ती’ हा आहे. निरपराधी, अपराधी, परका, कंगाल, सर्व त्यात आले. अपराध सिद्ध झाला तर शिक्षा न्यायालयाने द्यावी, चौकीत नव्हे.

संडे स्कूलच्या शिक्षकांना आमची विनंती आहे की, हा धडा शिकवताना मुलांना एवढे विचारावे: त्या दिवशी वाद्या बांधणाऱ्यांच्या शेजारी तुम्ही उभे असता, तर काय म्हणाला असता? हा प्रश्न प्रथम आम्हालाच आहे. त्या तरुणाची आम्ही पुढे जाऊन क्षमा मागितली. त्याने ती केली. पण आमच्या आवारात तो पुन्हा कामाला आला नाही.