राग खांद्यात साठतो का?

॥ जय गुरुदेव ॥


आपल्या जवळपास प्रत्येक ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. शरीरात फॅशिया नावाचं जाळं असतं, त्यात आपला जुना राग, न केलेली क्षमा, मागच्या जन्माचं दुःख साठून राहतं, म्हणून मान-खांदा-कंबर धरते, आणि हे आता विज्ञानाने सिद्ध केलंय, असं त्यात लिहिलंय. भैंशातल्या बऱ्याच भगिनींनी विचारलं की हे खरं धरायचं का. आम्ही महिला मंडळातल्या काहीजणींनी त्यावर जमेल तेवढं वाचलं, जाणकारांना विचारलं. कळलं ते इथे मांडतो.

आधी फॅशिया म्हणजे काय. आपल्या गावाला कापूस आणि गोधडी समजावून सांगायची गरज नाही. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून टाके मारले की गोधडी होते. टाके सगळं धरून ठेवतात, पण इतके घट्ट नसतात की अंगावर ओढून घेताना ती ताठ राहावी. तसंच कातडीखाली पातळ, पांढरट पापुद्र्यांचे थर असतात. प्रत्येक स्नायूभोवती एक, स्नायूंच्या जुडग्याभोवती एक, हाडांपर्यंत, नसांपर्यंत. शाळेच्या पुस्तकात आपण 'संयोजी ऊती' शिकलो, त्यातलाच हा प्रकार. कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे, आणि थरांच्या मध्ये बुळबुळीत ओलावा, म्हणजे थर एकमेकांवरून सरकावेत.

डॉक्टरकी शिकणारी मुलं स्नायू नीट दिसावा म्हणून हा पापुद्रा खरवडून बाजूला टाकत. चित्रात त्याला जागाच नव्हती. अलीकडे मात्र त्याचा कसून अभ्यास सुरू झाला. 2007 साली बोस्टनला हार्वर्डमध्ये फक्त फॅशियावर पहिली जागतिक परिषद भरली. इटलीत पाडुआच्या डॉ. कार्ला स्टेको यांनी थरन्‌थर उलगडून दाखवले. अमेरिकेत डॉ. हेलेन लँजव्हिन यांनी सोनोग्राफीने कंबरेचा फॅशिया तपासला. ज्यांची कंबर फार दिवस दुखते त्यांच्यात हे थर एकमेकांवरून सुमारे 20 टक्के कमी सरकत होते. हा निष्कर्ष 2011 चा. पण थर आखडले म्हणून कंबर दुखते, की कंबर दुखते म्हणून माणूस हलत नाही आणि थर आखडतात, हे त्यावरून ठरत नाही.

फॅशियात नसांची टोकं भरपूर असतात, म्हणून तो स्वतःही दुखू शकतो. काळजीने अंग ताठरतं, झोप उडते, दुखणं जास्त जाणवतं, हेही खरं. इथपर्यंत त्या मेसेजला थोडा आधार आहे. अमक्या बाईचा जावेवरचा राग तिच्या उजव्या खांद्यात बसलाय, हे मात्र कुठल्याही तपासणीत कुणाला दिसलेलं नाही. सुश्रुतांनी हे आधीच सांगितलंय, असंही त्या मेसेजमध्ये शेवटी जोडलंय. सुश्रुतसंहितेत सात 'कलां'चं वर्णन आहे, त्या पडद्यांसारख्या आहेत, हे बरोबर. पण त्याच ग्रंथात प्रेत सात दिवस वाहत्या पाण्यात ठेवून, मग कुंच्याने एकेक थर हळूहळू खरवडत डोळ्यांनी बघायची रीत दिलीय. त्यांचं नाव घ्यायचं आणि न बघितलेलं सांगायचं, हे काही जुळत नाही.

कुणी म्हणेल, एक मेसेज, त्यात एवढं काय? सांगतो. आपल्यातल्याच एका ताईंचा खांदा धरला. हात मागे जात नाही, वेणी घालता येत नाही, डोक्यावरून पदर घ्यायचा तर डावा हात लागतो. साखरेचा आजार जुना. त्यांनी मेसेज वाचला आणि आठवतील तेवढ्या नातलगांना फोन करून क्षमा मागितली, क्षमा केलीही. खांदा तसाच. मग त्यांना वाटलं, आपली क्षमा खोटी, भक्तीच कच्ची. दवाखान्यात शिकवलेला व्यायामही सोडला. खरं तर फ्रोझन शोल्डरमध्ये सांध्याभोवतीची पिशवी जाड होते, आक्रसते. चाळिशी ते साठीत, बायकांमध्ये आणि साखर असलेल्यांत हे जास्त होतं. बहुतेकांचं एक ते तीन वर्षांत बरंचसं मोकळं होतं. ताईंना दुखणं होतंच, त्यावर आपण एक दोष लादला.

हे नवं नाही. चौथ्या-पाचव्या महिन्यात वारंवार पोट पडणाऱ्या बाईला आपल्या आज्या-पणज्यांच्या काळात काय काय ऐकावं लागे! हिचंच पाप, हिच्याच नशिबात नाही. गोव्यात शिरोडा गावी 1899 साली जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवत. त्यांनी बघितलं की यातल्या काहीजणींच्या गर्भाशयाचं तोंडच दुबळं असतं, भार वाढला की ते आपोआप उघडतं. 1955 साली त्यांनी त्यावरची शस्त्रक्रिया जगापुढे मांडली. त्या बाईच्याच मांडीतल्या फॅशियाची अरुंद पट्टी काढून त्या तोंडाभोवती बांधायची. आता बहुधा कृत्रिम धागा वापरतात, पण जगभर नाव 'शिरोडकर टाका' असंच आहे. कितीतरी घरांत पाळणा हलला. आम्हाला त्याहून मोठं वाटतं ते हे की त्या बायकांच्या माथ्यावरचं पाप उतरलं. मुलायम पापुद्र्याची एक पट्टी, पण तिने मूलही धरून ठेवलं आणि बाईची अब्रूही.

आता प्रश्न येतो कर्माचा. आपण कर्मसिद्धांत मानणारी माणसं. मग दुखण्याशी कर्माचा संबंध नाही असं म्हणायचं का? आमची समज अशी की हा हिशेब ज्याचा त्याने एकांतात करावा. माझं दुखणं मी माझ्या कर्माशी जोडलं तर मी निदान नम्र होईन. शेजारणीचं दुखणं मी तिच्या कर्माशी जोडलं, तर तिला पाणी भरून द्यायची माझी जबाबदारी सोयीने संपते. दोन्हीकडे शब्द तेच, काम मात्र उलटं.

आणि क्षमेबद्दलही बोललं पाहिजे. क्षमेला आमचा विरोध कसा असेल? पण खांदा सुटावा म्हणून केलेली क्षमा ही दुपारच्या गोळीसारखी होते, गुण नाही आला की बंद. शिवाय काही राग योग्यच असतो. ज्या सुनेचे दागिने विचारल्याशिवाय मोडले, तिला 'क्षमा कर, नाहीतर फॅशिया आखडेल' म्हणणं कुणाच्या फायद्याचं आहे ते बघा. तिचा राग खांद्यातून काढायचा नसतो, तो दागिन्यांबद्दल आहे. त्यावर घरातल्या मोठ्यांनी बसून बोलायला हवं, आणि ते अवघड असतं म्हणूनच असे मेसेज आवडतात, असं आम्हाला वाटतं.

ग्रुप-प्रमुखांना विनंती: दुखण्याचं कारण सांगणारा कुठलाही मेसेज पुढे पाठवण्याआधी आपल्या ओळखीच्या एका डॉक्टरांना दाखवावा. ज्यांचे खांदे-कंबर धरलेत अशा भगिनींची नावं मंडळाकडे द्यावीत. निर्मल, निजामाबाद किंवा नांदेडला दाखवायला जायचं असेल तर सोबतीला कुणीतरी येईल. गुरुवारच्या भजनाला ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी मागच्या भिंतीला खुर्च्या ठेवल्या आहेत, संकोच करू नये.

॥ जय गुरुदेव ॥