उद्धार कोणाचा?

शुक्रवार पेठेसारख्या जुन्या वस्तीत एखादा वाडा सावरला गेला, की आपण जीर्णोद्धार झाला म्हणतो. पण उद्धार भिंतीचा की माणसाचा? अहिल्यादेवींनी 1780 मध्ये काशीला विश्वेश्वराचे मंदिर उभारले. महेश्वरात मात्र नुसते घाट बांधून त्या थांबल्या नाहीत, विणकरही आणून वसवले. म्हणूनच तिथले माग आजही चालतात. सोलापुरात शिवयोगी सिद्धरामांनी बाराव्या शतकात स्थापलेली 68 लिंगे जागती राहिली, ती संक्रांतीच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्यांमुळे. सिद्धरामांच्या वीरशैव विचारात स्थावरापेक्षा, म्हणजे अचल वास्तूपेक्षा, जंगमाला, म्हणजे चालत्याबोलत्या माणसाला मान आहे, तो उगाच नव्हे.

वाडा सावरताना तिथल्या भाडेकरूंना मात्र बाहेर काढले जाते. कोणी म्हणेल, वाडा सावरणारा बिल्डर पैसा गुंतवतो, त्याला नफा हवाच. शिवाय मोडकळीला आलेल्या छताखाली भाडेकरूला ठेवणे ही दया नव्हे. दोन्ही खरे. पण नफा घेणे वेगळे आणि बिऱ्हाडे उठवणे वेगळे. पायांनी झिजलेला उंबरा जपला, पण ते पायच हद्दपार केले, तर उरते ती निव्वळ सजावट. पेठ सावरणाऱ्याने आधी तिथल्या माणसांच्या परतीची हमी लेखी द्यावी. तरच त्या कामाला पुण्य म्हणावे.