नमुना कोणी घेतला?

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या वार्षिक अहवालात पर्यावरणविषयक गुन्ह्यांचे वेगळे प्रकरण असते. २०२० सालच्या अहवालात असे ६१,७६७ गुन्हे नोंदलेले आहेत. आदल्या वर्षी ते ३४,६७६ होते. एवढेच वाचले, तर टाळेबंदीच्या वर्षात प्रदूषण वाढले किंवा सरकारने कारखान्यांवर बडगा उगारला, अशी काहीतरी समजूत होते. तक्ता उलगडून पाहिला की दोन्ही समजुती टिकत नाहीत. ६१,७६७ पैकी ४९,७१० गुन्हे तंबाखू-सिगारेटविषयक कायद्याखालचे आहेत आणि ७,३१८ ध्वनिप्रदूषणाचे. हवा आणि पाणी यांच्या प्रदूषणाविरुद्धच्या कायद्यांखाली साऱ्या देशात मिळून नोंदले गेलेले गुन्हे हजारसुद्धा नाहीत.

हे आकडे खोटे नाहीत. जल कायद्याखालची प्रकरणे मुख्यतः प्रदूषण नियंत्रण मंडळाने थेट न्यायालयात तक्रार केल्यावर सुरू होतात, पोलीस ठाण्यातून नव्हे. म्हणून पोलिसांच्या नोंदवहीत ती फारशी येणारच नाहीत. पण ‘पर्यावरणविषयक गुन्हे’ असे शीर्षक देऊन बेरीज छापली, की ती बातम्यांत जाते, भाषणांत जाते, स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत जाते. शाळेजवळच्या टपरीवर झालेली कारवाई मग नद्यांच्या रक्षणाच्या खात्यावर जमा होते.

पर्यावरणाच्या आकड्याबाबत माझे म्हणणे एवढेच आहे: तो कोणी मोजला, केव्हा मोजला आणि मोजणाऱ्याला पैसे कोणी दिले, हे सोबत छापलेले नसेल तर त्यावर विसंबू नये. हे तीन प्रश्न किरकोळ वाटतात, पण सगळे त्यांच्यावरच अवलंबून आहे.

एक नमुना कसा घेतात ते पाहू. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना न्यायालयात टिकायचा असेल तर १९७४च्या जल कायद्याचे कलम २१ पाळावे लागते. कारखानदाराला तिथल्या तिथे नोटीस द्यायची, त्याच्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना सील लावून त्यावर दोघांच्या सह्या घ्यायच्या. यातले काही राहिले, तर प्रयोगशाळेचा निष्कर्ष पुरावा म्हणून चालत नाही. पुढे त्या पाण्यातली जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे सगळे ज्याला बीओडी म्हणतात ती, मोजायची. आपल्याकडे ही चाचणी २७ अंश तापमानात तीन दिवस चालते आणि नदीत सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. बाटली प्रयोगशाळेत पोचेपर्यंत बर्फात राहिली पाहिजे. मे महिन्यात ती जीपच्या मागच्या सीटवर तशीच पडून राहिली, तर पाण्यातले जिवाणू वाटेतच सेंद्रिय मळी खाऊ लागतात आणि प्रयोगशाळेत बीओडी कमी भरतो. कोणी लबाडी केली नाही, कोणी लाच घेतली नाही, तरी गलिच्छ पाणी कागदावर स्वच्छ झाले. बर्फ होता की नव्हता, हे संकेतस्थळावरच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही.

हा झाला निष्काळजीपणा. त्याहून मोठा प्रश्न मोजणाऱ्याच्या पोटापाण्याचा आहे, आणि तो गुजरातमध्ये जितका स्पष्ट दिसला तितका क्वचितच कुठे दिसला असेल. उच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६पासून तिथे ठरावीक कारखान्यांना दरवर्षी त्रयस्थ ऑडिटरकडून तपासणी करून घेणे बंधनकारक झाले. ऑडिटर निवडायचा कारखान्याने, पैसे द्यायचे कारखान्याने. २००९ ते २०११ या काळात एस्थर डफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या मंडळाबरोबर अहमदाबाद आणि सुरत भागातल्या ४७३ कारखान्यांवर एक प्रयोग केला. निम्म्या कारखान्यांत जुनीच पद्धत चालू ठेवली आणि ऑडिटर जाऊन आलेल्या धुराड्यांवर दुसरी माणसे पाठवून पुन्हा मोजमाप घेतले.

धुराड्यातल्या धूलिकणांची मर्यादा घनमीटरला १५० मिलिग्रॅम होती. जुन्या पद्धतीच्या ऑडिटरांचे आकडे त्या रेषेच्या किंचित खाली दाटीवाटीने गोळा झालेले होते. त्यांच्या अहवालांनुसार फक्त ७ टक्के कारखाने मर्यादा ओलांडत होते. पुन्हा मोजले तेव्हा ते ५९ टक्के निघाले. अनेकांनी धुराड्यावर चढून मोजलेच नसावे, असाच निष्कर्ष त्यातून निघतो. चढून मोजलेले आकडे असे एका रेषेखाली शिस्तीत उभे राहत नाहीत.

उरलेल्या निम्म्या कारखान्यांत ऑडिटर सोडतीने नेमला, त्याची फी एका सामायिक निधीतून ठरावीक दिली आणि त्याच्या काही मोजमापांची अचानक फेरतपासणी केली. दुसऱ्या वर्षी तर मोजमाप जितके अचूक तितके मानधन, असे ठरवले. धुराडी तीच, यंत्रे तीच. मर्यादेत नसलेल्या कारखान्याला मर्यादेत दाखवण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले. मला याहून मोलाची वाटते ती पुढची गोष्ट: त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. खरा आकडा मंडळापर्यंत पोचणार हे कळल्यावर कारखानदाराने खर्च केला. आकड्यांची विश्वासार्हता ही संशोधकांच्या सोयीची बाब आहे असे मानणाऱ्यांनी हा निष्कर्ष पुन्हा पुन्हा वाचावा. गुजरातने २०१५मध्ये सोडतीची पद्धत नियमांत आणली. महाराष्ट्रात दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत भरायचे पर्यावरण विवरणपत्र आजही कारखाना स्वतःच भरतो.

यावर उपाय म्हणून यंत्रे आली. केंद्रीय मंडळाने फेब्रुवारी २०१४मध्ये अतिप्रदूषणकारी १७ प्रकारच्या उद्योगांना धुराड्यावर आणि सांडपाण्याच्या निचऱ्यावर अखंड मोजणारी ऑनलाइन यंत्रणा बसवायला सांगितले. यंत्रामुळे मोठा फरक पडला हे मान्य. पण यंत्र विकत घेतो कारखाना, त्याच्या देखभालीचे कंत्राट देतो कारखाना, त्याचे कॅलिब्रेशन करणारा तंत्रज्ञही कारखान्याच्याच पैशाने येतो. प्रोब स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवला तर पडद्यावरची रेघ दिवसभर सरळ राहते. कारखान्यात पाळ्या बदलतात, टाक्या धुतल्या जातात, बॅच संपते. खऱ्या सांडपाण्याची रेघ वरखाली होणारच. म्हणून मंडळांनी मर्यादा ओलांडणाऱ्या रेघांइतकाच संशय सरळ रेघांचा घ्यायला हवा, आणि यंत्र बंद असलेले तास वेगळ्या रकान्यात छापायला हवेत.

मोजमापाच्याही आधी प्रकल्पाचा पर्यावरण अहवाल असतो, आणि तिथे काय होऊ शकते हे कोकणाने पाहिले आहे. सुमारे दोन दशकांपूर्वी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या पर्यावरण अहवालात रशियातल्या खाणीच्या अहवालातले उतारे जसेच्या तसे निघाले. त्यात पक्ष्यांचा अधिवास म्हणून स्प्रूस आणि बर्चची जंगले लिहिली होती. त्या जिल्ह्यात जांभ्याचे सडे आहेत, आंबा-काजूच्या बागा आहेत. असा अहवाल ज्या फायलीत जमा होतो, त्या फायलीवरून काढलेल्या टक्केवारीला काय अर्थ?

टक्केवारीचा आणखी एक पेच आहे. एका जिल्ह्यात अधिकारी तक्रार आली की जातो, दुसऱ्यात यादीप्रमाणे पाळीपाळीने जातो. पहिल्या जिल्ह्यात दोषी कारखान्यांचे प्रमाण जास्त दिसेल, कारण तो बरोबर जागी जातो. दुसरा जिल्हा कागदावर स्वच्छ ठरेल. अधिकारीच नसेल तो जिल्हा तर सर्वांत स्वच्छ, आणि देशभरातल्या मंडळांत मंजूर पदांपैकी जवळपास निम्मी रिकामी आहेत. लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीच्या खाली दाभोळ खाडीत मासे मरून वर येतात, तेव्हा ‘रात्री सोडलं’ हे मच्छीमार पहाटेच सांगतात. नमुना घ्यायला माणूस येईपर्यंत भरती येऊन गेलेली असते. नमुना मर्यादेत येतो आणि तक्रारीत तथ्य नसल्याची नोंद होते. माझ्या मते त्या तक्रारीची तारीख, वेळ आणि नमुना घेतल्याची वेळ या तीन नोंदी बीओडीच्या आकड्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत, आणि त्या शेजारी शेजारी छापणे मंडळाला अजिबात अवघड नाही.

वाचकांना एक विनंती आहे. जल कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे राज्य मंडळाला आपण दिलेल्या संमतींच्या अटींची नोंदवही ठेवावी लागते आणि ज्याला एखाद्या निचऱ्याची झळ पोचते त्याला तिचा संबंधित भाग पाहता येतो. हा हक्क माहिती अधिकाराच्या ३१ वर्षे आधीपासूनचा आहे. तुमच्या नदीत किंवा खाडीत ज्याचे पाणी येते, त्या कारखान्याची ती नोंद जाऊन पाहा. सोबत शेवटचा नमुना कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणी घेतला आणि त्याचे पैसे कोणी दिले, हे लेखी विचारा.