अस्वीकृत दान

निष्फळ झालेल्या उद्योगाच्या सांत्वनासाठी आपण निष्काम कर्माचा सिद्धान्त इतक्या तत्परतेने पुढे करतो की, कर्त्याने फलाची आसक्ती सोडली होती की फलानेच कर्त्याला सोडले, याची चौकशी करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

अमेरिकेतील जनरल मॅजिक या कंपनीचे उदाहरण या बाबतीत विचारार्ह आहे. मॅकिन्टॉश संगणकाच्या घडणीत ज्यांचा मोठा वाटा होता त्या बिल ॲटकिन्सन आणि अँडी हर्ट्झफेल्ड यांनी १९९० साली मार्क पोरॅट यांच्यासह ती स्थापन केली. सामान्य गृहस्थाला ई-मेल हा शब्दही परका होता अशा काळात, हाती धरून पत्रे पाठविता येतील असे यंत्र त्यांनी कल्पिले; ते १९९४ मध्ये सोनीने ‘मॅजिक लिंक’ या नावाने बाजारात आणले. वापरणारा भांबावू नये म्हणून त्यांनी पडद्यावर एक खोलीच थाटली होती : मेजावर टेलिफोन, रोजनिशी, टपाल, दाराबाहेर व्हरांडा, त्याच्या कडेने इतर दालनांची दारे, आणि त्याही पलीकडे दुतर्फा इमारती असलेला रस्ता. कल्पना मोहक खरी. पण बसल्या जागी व्हावयाच्या कामासाठी व्हरांडा ओलांडून रस्त्यावर यावे लागले, तर वाड्याची शोभा पाहण्याचा उत्साह किती दिवस टिकणार? गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही.

वेदविहित कर्मांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी याग आणि दान यांत केलेला भेद मला येथे मार्मिक वाटतो. यागात देवतेस उद्देशून द्रव्यावरील आपले स्वत्व सोडले की त्याग पुरा होतो. देवतेकडून पावती घेण्याचे प्रयोजन नाही. दानात तेवढ्याने भागत नाही. त्या वस्तूवर दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न व्हावे लागते, आणि घेणाराच नसेल तर दात्याने कितीही निष्ठेने उदक सोडले, तरी ते पाणी जमिनीत जिरते. गणितज्ञाचे कर्म यागाच्या जातीचे असू शकेल. परंतु परक्याची सोय हेच ज्याचे साध्य, त्या रचनाकाराचे कर्म दानाच्याच जातीचे, म्हणून फल आपल्या हाती नाही हे उद्गार त्याच्या तोंडी शोभत नाहीत. शिवाय त्याची आसक्ती बहुधा फलावर नसून स्वतःच्या कृतीवरच जडलेली असते. अनोळखी माणूस व्हरांड्यात अडखळताना पाहून तो व्हरांडाच पाडून टाकणे, हा त्याचा खरा त्याग, आणि तो धनत्यागाहून कठीण.

यावर कोणी म्हणेल की, त्याच कंपनीत घडलेल्या टोनी फॅडेल यांनी पुढे आयपॉडच्या आणि अँडी रुबिन यांनी अँड्रॉइडच्या निर्मितीत अग्रभाग घेतला, तेव्हा कर्म वाया गेले कसे? कर्म संपल्यावर फल मिळेपर्यंत टिकणारी ‘अपूर्व’ नावाची अदृष्ट शक्ती मीमांसकही मानतात, हे खरे; पण त्यांच्या मते यज्ञाचे फल यजमानालाच मिळते, आणि येथे तर यजमान कंपनीचा कारभार २००२ साली आटोपला, ऋत्विज मात्र दुसऱ्या मंडपांत जाऊन बसले होते.