गल्ल्यामागचा वाचक

सोलापुरात चादर घ्यायला गेलात, की दुकानदार घडी उलगडून दोन्ही बाजू दाखवतो. हात लावून बघा म्हणतो. पुस्तकाच्या दुकानातले एक काका मला असेच भेटले. 'नवीन काय आलंय?' विचारलं, की ते उलट विचारतात, 'मागचं वाचून झालं का?' झालेलं नसलं की अगदी चोरट्यासारखं होतं.

शरणकुमार लिंबाळे यांचं 'अक्करमाशी' त्यांनीच हातात ठेवलं. पुस्तक १९८४ सालचं, आणि मी मागत होतो नवं काहीतरी. 'तुम्ही वाचलेलं नाही ना? मग तुम्हाला नवंच,' म्हणाले. लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला माणूस; त्यांना पुढे 'सनातन'साठी २०२०चा सरस्वती सन्मान मिळाला, आणि मला पत्ताच नव्हता!

पुढच्या खेपेला लक्ष्मीनारायण बोल्ली यांचं 'एका साळियाने'. सोलापूरच्या तेलुगू विणकर समाजातल्या कवीनं मराठीत लिहिलेलं आत्मचरित्र. देताना काका म्हणाले, 'घाई नको. हातमागाच्या चालीनं वाचा.'

मोबाइलही पुस्तकं सुचवतो, नाही असं नाही. पण आपण काय शोधलं, काय विकत घेतलं एवढंच त्याला ठाऊक. घेऊन नुसतंच उशाशी ठेवलंय, हे काकांना चेहऱ्यावरून कळतं.

परवा गेलो, तर त्यांनी एक पातळसं पुस्तक काढलं, फडक्यानं पुसलं, माझ्याकडे पाहिलं आणि परत फळीवर ठेवून दिलं.

'हे एवढ्यात नको,' म्हणाले. 'पुढच्या वर्षी बघू.'